पहिला चांगला घडीचा चाकू: कोणता घ्यावा आणि त्याची धार कशी राखावी?

मोसंबीचा मळा (अंबड, जि. जालना)

नमस्कार मंडळी. आमची मोसंबीची बाग आहे आणि बागेला लागूनच एक छोटी रोपवाटिका आहे. सतत खिशात राहील, दिवसभरात समोर येईल ते काम करील आणि वर्षानुवर्षे साथ देईल असा एक दर्जेदार घडीचा चाकू घ्यायचे मनात आहे. आतापर्यंत आठवडी बाजारात मिळतात ते चाकू वापरत आलो. त्यांना सकाळी लावलेली धार दुपारपर्यंत उतरते, थोड्याच दिवसांत सांध्याची रिपीट सैल होऊन पाते डुलू लागते आणि मग तो चाकू अवजारांच्या पेटीत तळाला जाऊन बसतो.

माझी कामे अशी आहेत: सुतळी आणि नायलॉनची दोरी कापणे, ठिबकची नळी कापणे, खताच्या गोणीची शिवण उसवणे, फळ चिरून गर व रस पाहणे आणि हंगामात जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर मोसंबीचे डोळे भरणे, म्हणजे डोळ्याचे कलम बांधणे. खर्चाची तयारी एकूण पाच हजारांपर्यंत आहे आणि त्यातच धार लावण्याचे साहित्यही बसवायचे आहे. पोलाद कोणते असावे, पाते उघडल्यावर जागेवर पक्के बसवणारे कुलूप असावे की नसावे, आणि धार घरी कशी लावावी, या तिन्ही गोष्टींवर जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

टूलरूमवाला (वाळूज)

दादा, पाच हजारांपैकी निम्मे पैसे आधी बाजूला काढा. ते धारेच्या दगडासाठी आणि चामड्याच्या पट्ट्यासाठी आहेत. उरलेल्या पैशांत जो साधा, नीट बनवलेला चाकू बसेल तो घ्या. कितीही भारी पोलाद असले तरी माती बसलेली ठिबकची नळी कापताना त्याची धार जाणारच, कारण मातीत वाळूचे कण असतात आणि ते पोलादालाही घासतात. धार लावणे ज्याला जमते त्याचा मध्यम प्रतीचा चाकूही कायम चालता राहतो. ज्याला ते जमत नाही त्याचा महागडा चाकूही पहिली धार जाईपर्यंतच कामाचा असतो. या धाग्यावर मला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे.

पोलादाचे थोडक्यात सांगतो. पोलादात कार्बन पुरेसा असेल तर ते तापवून झटकन थंड केल्यावर, म्हणजे आपण ज्याला पाणी देणे म्हणतो ते केल्यावर, कडक होते. क्रोमियम साधारण १२-१३ टक्क्यांच्या पुढे गेले की ते गंजाला दाद देत नाही. कडकपणा रॉकवेल मापात मोजतात. स्वित्झर्लंडमधील व्हिक्टोरिनॉक्सची पाती साधारण ५६ रॉकवेलची असतात आणि बरेचसे चांगले घडीचे चाकू ५७ ते ६१ यांच्या दरम्यान असतात. पाते मऊ असेल तर धार वळते. वळलेली धार पट्ट्यावर किंवा दगडावर चटकन परत येते. पाते फार कडक असेल तर धार जास्त दिवस टिकते, पण हिसका बसला तर तिचे बारीक कपचे उडतात आणि ते घासून काढायला बराच वेळ जातो. पहिल्या चाकूसाठी मी ५६ ते ५८ च्या आसपासचेच पोलाद सुचवीन, कारण हात बसवण्यासाठी तेच सोयीचे आहे.

बाजारातल्या स्वस्त चाकूची मुख्य अडचण पोलादाच्या नावात नसते, त्याला दिलेल्या पाण्यात असते. पात्यावर मोठ्या अक्षरांत 'स्टेनलेस' कोरलेले असते, पण त्याचा कडकपणा किती, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

दोन चाकू डोळ्यांसमोर ठेवा. एक फ्रान्सच्या सावोय भागातला ओपिनेल. १८९० पासून तो जवळपास त्याच रूपात बनतो आहे. लाकडी मूठ, एक पाते आणि सांध्यावर फिरणारे कडे (ते १९५५ पासून), एवढाच त्याचा कारभार. त्याच्या आठ नंबरचे पाते साडेआठ सेंटिमीटर लांब असते. तो कार्बन पोलादात मिळतो आणि न गंजणाऱ्या पोलादातही मिळतो. दुसरा व्हिक्टोरिनॉक्सचा एक-दोन पात्यांचा साधा चाकू. त्याच्या संस्थापकाने १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली होती आणि ही कंपनी आजही नावाजलेली आहे. दोन्ही चाकूंचे पाते पातळ असते, आणि तुमच्या कामाला पातळच पाते हवे. तुमचा संबंध मोसंबीच्या रसाशी असल्यामुळे कार्बन पोलादाच्या मोहात पडू नका. आंबट रसाने ते लगेच काळे पडते आणि पुसायचे राहिले तर गंजही धरते.

रोपवाटिका (धाराशिव)

दादा, डोळे भरण्यासाठी स्वतंत्र चाकू ठेवा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ज्या पात्याने गोणी उसवली आणि नळी कापली, त्याच पात्याने साल कापू नका. ही दोन कामे एकाच चाकूकडून घेतली की दोन्ही अर्धवट होतात.

डोळे भरण्याचा चाकूही घडीचाच मिळतो. त्याच्या धारेला बहुधा एकाच बाजूने उतार असतो आणि दुसरी बाजू सपाट असते. सपाट बाजू लाकडाकडे धरली की पाते आत न घुसता सरळ चालते आणि डोळ्याची साल एकसारख्या जाडीची निघते. काही चाकूंच्या मागच्या टोकाला साल उचलण्यासाठी हाडाची, पितळेची किंवा प्लास्टिकची बोथट जीभही असते. जर्मनीतील टीना कंपनीचे चाकू या कामासाठी जगभर वापरले जातात, पण ते तुमच्या खर्चात बसणार नाहीत. सुरुवातीला एखाद्या चांगल्या कृषी साहित्याच्या दुकानातला साधा चाकू घेऊन त्याची धार स्वतः घडवली तरी काम भागते.

या कामात धारेला इतके महत्त्व का, ते सांगते. खुंटावर टी आकाराची चीर देताना पाते धारदार असेल तर काप एकसंध, ओला आणि चकाकता दिसतो आणि सालीची कड सरळ उठते. पाते बोथट असेल तर सालीखालचा निसरडा हिरवट थर चिरडला जातो, कडेला तंतू लोंबतात आणि थोड्याच वेळात ती जागा तपकिरी होऊ लागते. खुंट आणि डोळा यांचा सांधा नेमक्या त्याच थरातून जुळायचा असतो. म्हणून अशा ठिकाणी डोळा सुकला तर पावसाला किंवा उन्हाला दोष देण्याआधी चाकू तपासावा.

आणखी एक गोष्ट सांगते. लिंबूवर्गीय झाडांतील एक्झोकॉर्टिससारखे रोग चाकूच्या पात्यावरून एका झाडाहून दुसऱ्यावर जातात. त्यासाठी मातृवृक्ष, म्हणजे ज्याचे डोळे घेतो ते झाड, बदलताना पाते हायपोक्लोराइटच्या (ब्लीचच्या) पातळ द्रावणात बुडवावे, कारण अशा रोगांना नुसते स्पिरिट पुरत नाही. मात्र हे द्रावण न गंजणाऱ्या पोलादालाही खड्डे पाडते, म्हणून पाते लगेच स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे पुसावे आणि संध्याकाळी तेलाचा हात फिरवावा.

मोसंबीचा मळा (अंबड, जि. जालना)

ताई, हे अगदी पटले. डोळ्यांचा चाकू वेगळाच ठेवीन. टूलरूमवाले दादा, इंटरनेटवर डी-२ पोलादाच्या चाकूंचा बराच बोलबाला दिसतो आणि त्यांची धार फार टिकते असे म्हणतात. आमच्याकडचे एक मिस्त्री तर लोखंड कापायच्या मशीनच्या मोडक्या ब्लेडपासून चाकू बनवून देतो म्हणतात. या दोन्हींविषयी आपले मत काय आहे?

टूलरूमवाला (वाळूज)

डी-२ माझ्या रोजच्या हाताखालचे पोलाद आहे. पत्रा कापायचे आणि त्याला भोके पाडायचे पंच आणि डाय आम्ही त्याचेच करतो. त्यात साधारण दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असते. त्या क्रोमियमचा बराच भाग कार्बाइडच्या कडक कणांत अडकून पडलेला असतो, म्हणून ते झिजत नाही हे खरे आणि त्याला पूर्ण स्टेनलेस म्हणता येत नाही हेही खरे. धार टिकते, याबद्दल वाद नाही. पण हेच कार्बाइड साध्या दगडावर घासताना आडवे येतात. एकदा बोथट झालेला डी-२ चा चाकू हार्डवेअरच्या दुकानातल्या दगडावर परत आणायला नवशिक्याला फार वेळ लागतो आणि मध्येच तो कंटाळतो. हिऱ्याची भुकटी बसवलेली पट्टी घेतली तर काम सोपे होते. म्हणून डी-२ दुसऱ्या चाकूसाठी राखून ठेवा.

मिस्त्रींचे ब्लेड म्हणजे बहुधा हायस्पीड पोलाद असते. ते चांगले कडक असते आणि त्याची धारही टिकते, पण ते ठिसूळ असते. आडवा जोर पडला तर मधोमध तुटते आणि त्याचा तुकडा डोळ्याकडेही उडू शकतो. टेबलावर कागद किंवा रबर कापायला ते ठीक आहे, पण खिशात ठेवायच्या घडीच्या चाकूसाठी मला ते योग्य वाटत नाही.

काळा कोट (लातूर)

चाकू खिशात बाळगण्याचा विषय निघालाच आहे, तर कायद्याचे दोन शब्द. शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रे स्वतंत्र वर्गात घातलेली आहेत. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. साडेआठ सेंटिमीटरचे पाते या मर्यादेच्या फारच आत येते.

मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ३७ विसरू नका. सण, मोर्चे, निवडणुका अशा काळात आपल्याकडच्या जिल्ह्यांत या कलमाखाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात. त्यात काठ्या, तलवारी, भाले यांच्यासोबत चाकू बाळगण्यालाही बंदी असते आणि आदेश मोडल्यास कलम १३५ खाली कारवाई होते. म्हणून शेतावरचा चाकू शेतावरच ठेवावा. मिरवणुकीला, सभेला किंवा बाजारातल्या गर्दीत जाताना तो खिशात नसावा. विमानप्रवासात तो हातातल्या बॅगेत चालत नाही, सोपवलेल्या सामानात ठेवावा लागतो. बटण दाबताच झटक्यात उघडणारा खटक्याचा चाकू तर मुळीच घेऊ नका. शेतकामाला त्याचा काही विशेष उपयोग नाही आणि चौकशी झाली तर तो बाळगण्याचे कारण पटवून देणे अवघड जाते.

गोदाकाठ (नांदेड)

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वस्तऱ्याचा व्यवसाय आहे. त्यामुळे धारेबद्दल दोन गोष्टी अधिकाराने सांगू शकतो. त्याआधी चाकू हातात घेऊन कसा पारखावा, ते सांगतो.

शक्य असेल तर चाकू दुकानात जाऊनच घ्यावा. पाते पूर्ण उघडून त्याचे टोक दोन बोटांत धरावे आणि डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावे. सांध्यात किंचितही हालचाल जाणवली तर तो चाकू परत ठेवावा, कारण ती हालचाल वापराने वाढतच जाते. मग पाते मिटून वरून पाहावे. ते मुठीच्या बरोबर मध्ये बसले पाहिजे, कुठल्याही एका बाजूला टेकलेले नसावे. नंतर चाकू उजेडाकडे धरून धारेच्या दोन्ही बाजूंचे उतार मुळापासून टोकापर्यंत सारख्या रुंदीचे आहेत का, ते पाहावे. एका बाजूचा उतार रुंद आणि दुसऱ्या बाजूचा अरुंद असेल, तर कारखान्यात धार घाईने लावली आहे असे समजावे. अशी धार सरळ करण्यातच दगडाचे बरेच काम खर्ची पडते.

कुलपाविषयी माझे मत असे आहे की, ज्या कामात पात्याच्या टोकाने टोचावे किंवा ढकलावे लागते, उदाहरणार्थ गोणीला भोक पाडणे, तिथे कुलूप हवेच. नुसत्या कमानीवर (स्प्रिंगवर) उघडे राहणारे पाते उलट जोर आला की मिटते आणि बोटे मध्ये सापडतात. फळ कापणे, दोरी कापणे यांत जोर धारेच्याच दिशेने जातो, त्यामुळे तिथे कमानीचा चाकू पुरतो. ओपिनेलचे फिरते कडे या दृष्टीने फार चांगले आहे. त्यात नाजूक भाग नाहीत आणि माती शिरली तरी ते पाण्याने साफ होते. आतल्या पत्र्याने पाते अडवणारे कुलूपही चांगले असते, पण स्वस्त चाकूत तो पत्रा पातळ असतो आणि पाते अडवण्याची त्याची जागा लवकर झिजते.

आता धारेकडे वळतो. हा भाग थोडा लांबेल, पण खरे काम इथेच आहे.

दगड सपाट आणि लांब घ्यावा. हार्डवेअरच्या दुकानात आठ इंच लांब, दोन इंच रुंद, एका बाजूने भरड आणि दुसऱ्या बाजूने बारीक असा काळपट कार्बोरंडमचा दगड मिळतो. सुरुवातीला तोही चालतो. पैसे असतील तर १००० नंबरचा पाण्यावर चालणारा दगड घ्यावा (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक). रोजच्या चाकूसाठी तेवढा एक दगड बहुतेक सगळे काम करतो, आणि ज्याला आणखी चकाकी हवी त्याने ३००० च्या पुढे जावे. दगडावर पाणी वापरायचे की तेल, हे पहिल्याच दिवशी ठरवावे आणि नंतर बदलू नये. एकदा तेल मुरलेल्या दगडावर पाणी नीट काम करत नाही.

पहिली गोष्ट कोन. घडीच्या चाकूला एका बाजूने १५ ते २० अंशांचा कोन पुरतो. कोन मोजायला यंत्र लागत नाही. धारेपासून पाठीपर्यंत पाते २ सेंटिमीटर रुंद असेल, तर पाठ दगडापासून सुमारे ७ मिलिमीटर उचलली की २० अंशांचा कोन होतो आणि ५ मिलिमीटर उचलली की १५ अंशांचा. साधी लाकडी पेन्सिल साधारण ७ मिलिमीटर जाडीची असते. ती पाठीखाली ठेवून उंची डोळ्यांत भरून घ्यावी आणि मग पेन्सिल काढून काम सुरू करावे. हाताला दगडावर तोच कोन पकडायची सवय लागेपर्यंत घाई करू नये. सुरुवातीची धार थोडी कमी-जास्त झाली तरी चालेल, पण कोन डळमळता कामा नये, कारण प्रत्येक फटक्याला कोन बदलला तर धारेचा उतार गोल होतो आणि कितीही घासले तरी ती कापत नाही.

कोन बरोबर आहे का, हे पाहण्याची एक युक्ती आहे. धारेच्या उतारावर काळ्या मार्कर पेनने रंग लावावा आणि दगडावर दोन-तीन हलके फटके द्यावेत. रंग धारेच्या अगदी काठावरून गेला असेल तर कोन बरोबर आहे. काठावर रंग तसाच राहून वरच्या बाजूचा गेला असेल तर पाठ फार खाली टेकलेली आहे. नुसत्या काठावरची बारीक रेघ गेली असेल तर पाठ फार उचलली आहे.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. एकाच बाजूने घासत राहिले की पलीकडच्या बाजूला धातूची एक अतिशय पातळ कड वळून येते. कारखान्यात तिला बर म्हणतात. ती डोळ्यांना सहसा दिसत नाही, पण बोटाला लागते. अंगठ्याचे पोट पात्याच्या पाठीकडून धारेकडे आणि धारेच्या पलीकडे हळूच ओढावे, धारेच्या लांबीवर मात्र बोट कधीही फिरवू नये. कड आलेली असेल तर कातडीला बारीक अडकल्यासारखे जाणवते. ही कड पात्याच्या मुळापासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. जिथे ती लागत नाही तिथे दोन उतार अजून एकमेकांना भेटलेले नाहीत आणि तिथली धार बोथटच आहे. ती सलग आल्याशिवाय बाजू बदलायची नाही, एवढे एक पथ्य पाळले तरी धारेचे निम्म्याहून अधिक काम फत्ते होते. बहुतेक जण दोन्ही बाजूंनी मोजून सारखे फटके देतात आणि धार का येत नाही म्हणून दगडाला नावे ठेवतात.

दुसऱ्या बाजूनेही तशीच सलग कड आणावी. मग हाताचा भार कमी करावा आणि एक फटका इकडचा, एक तिकडचा असे करत भार इतका हलका करावा की शेवटी पाते केवळ स्वतःच्या वजनाने सरकेल. या हलक्या फटक्यांनी कड बारीक होत जाऊन तुटते. ती राहून गेली तर पाते पहिल्या एक-दोन कापांना अतिशय धारदार वाटते आणि लगेच मंद होते, कारण कापताना तीच कड आडवी पडते. पात्याच्या टोकाकडचा भाग वळलेला असतो, म्हणून तिथे पोहोचताना मूठ किंचित वर उचलावी. नाहीतर टोक कायम बोथट राहते, आणि घडीच्या चाकूत टोकाचेच काम अधिक असते.

शेवटी पट्टा. आमच्या दुकानातला वस्तऱ्याचा चामड्याचा पट्टा तुम्ही पाहिला असेल. जुना, जाड चामड्याचा पट्टा लाकडाच्या सपाट पट्टीवर डिंकाने चिकटवला तरी तेच काम होते. त्यावर पॉलिशवाल्यांकडे मिळणारी बफिंगची हिरवी वडी घासावी. दगडावर पाते धारेच्या दिशेने पुढे जाते, पण पट्ट्यावर नेहमी पाठ पुढे ठेवून ओढावे. चुकून धार पुढे गेली तर चामडे कापले जाते. इथेही भार नको, कारण जोर दिला की चामडे दबून धारेच्या काठावर वळते आणि धार गोल होते. रोजचे काम संपल्यावर पट्ट्यावर थोडे फटके मारण्याची सवय लागली, तर दगड काढायची वेळ बरीच लांबते.

परीक्षा वर्तमानपत्राच्या कागदावर घ्यावी. कागद एका हाताने उभा धरून पाते वरून खाली ओढावे. जिथे कागद फाटतो किंवा पाते अडते, तिथे धारेत दोष आहे. मग तोच भाग उजेडाकडे धरावा, तिथे एक बारीक पांढरा ठिपका चमकताना दिसेल. चांगल्या धारेचा काठ चमकत नाही, कारण तिथे प्रकाश परत फेकायला पृष्ठभागच उरलेला नसतो.

बालाघाटी (धारूर, जि. बीड)

गोदाकाठ यांनी फार उपयुक्त लिहिले आहे, तरी थोडा वेगळा विचार मांडतो. आमच्या भागातून ऊसतोडीला जाणारी माणसे कोयत्याला फडातच कानस मारतात आणि पुढे कामाला लागतात. त्यांना कोन किंवा १००० नंबरचा दगड ठाऊक नसतो, तरी ऊस एका घावात तुटतो. गावच्या लोहाराने गाडीच्या कमानपट्ट्यापासून बनवलेले अवजार वर्षानुवर्षे टिकते. आठवडी बाजारात घिसाड्यांच्या पालावर गेलात तर समोर बसून, हव्या त्या आकाराचा चाकू बनवून घेता येतो. एवढा खटाटोप करून परदेशी घडीचा चाकू घेण्याची खरोखरच गरज आहे का? आणि धार लावायला सायकलवर साण बसवून फिरणारा माणूस काय वाईट आहे?

टूलरूमवाला (वाळूज)

बालाघाटी, लोहाराच्या हाताबद्दल माझ्या मनातही तुमच्याइतकाच आदर आहे. कमानपट्ट्याचे पोलाद खरोखर उत्तम असते आणि कोयता, विळा, खुरपे यांसाठी त्याला तोड नाही. पण कोयता आणि घडीचा चाकू यांचे काम वेगळे आहे. कोयता घाव घालतो, म्हणून त्याची धार जाड कोनाची आणि थोडी मऊ ठेवलेली असते, म्हणजे ती दगडाला लागली तरी कपचा न उडता वळावी. अशा मऊ पोलादालाच कानस लागते. नीट पाणी दिलेल्या चाकूवर कानस चालवली तर ती घसरते आणि कानशीचेच दात बोथट होतात. दुसरे असे की घडीच्या चाकूचा सांधा, कमान आणि कुलूप यांची जुळणी मिलिमीटरच्या छोट्या अंशांत लागते. ऐरणीवर पाते उत्तम घडेल, पण तेवढ्या नेमकेपणाचा सांधा तिथे जमवणे फार कठीण आहे. घडीचा नको असेल आणि म्यानात ठेवायचा सरळ चाकू चालणार असेल, तर मी स्वतः लोहाराकडेच जायला सांगीन.

फिरत्या साणेबद्दल मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर धारेचा पातळ काठ क्षणात तापतो. कार्बन पोलाद तापत गेले की आधी ते गवती पिवळे दिसते आणि सुमारे ३०० अंशांजवळ निळे पडते. निळा रंग दिसला म्हणजे तेवढ्या भागाचे पाणी उतरले. त्यानंतर तिथे कितीही धार लावा, ती थांबत नाही. तो निळा भाग पूर्ण घासून काढल्यावरच खाली चांगले पोलाद लागते. शिवाय प्रत्येक वेळी बरेच पोलाद उडते आणि पाते अकाली अरुंद होते. साणवाल्याकडे द्यायचेच असेल तर चाकावर पाणी पडते आहे ना, आणि तो पाते वारंवार पाण्यात बुडवतो आहे ना, हे उभे राहून पाहावे. स्वयंपाकघरात मिळणारी, पाते मधून ओढायची कार्बाइडची फटही मी या चाकूसाठी टाळीन. ती धार लावण्याऐवजी काठ ओरबाडते.

रोपवाटिका (धाराशिव)

एकाच बाजूने उतार असलेल्या चाकूसाठी गोदाकाठ यांच्या पद्धतीत एक बदल करावा लागतो, तो सांगून ठेवते. अशा चाकूला फक्त उताराच्या बाजूने घासायचे, सपाट बाजूला पलीकडची कड सलग येईपर्यंत. मग सपाट बाजू दगडावर पूर्ण आडवी टेकवून, पाठ अजिबात न उचलता, अगदी हलके दोन-चार फटके द्यायचे. सपाट बाजूने पाठ उचलली की तिथेही उतार तयार होतो आणि डोळा काढताना पाते लाकडात शिरू लागते.

दगडाचीही निगा ठेवावी लागते. मधोमध घासून घासून त्याला खळगा पडतो आणि खळग्यातल्या दगडावर धार सरळ येत नाही. त्यासाठी शहाबादी फरशीच्या सपाट तुकड्यावर बारीक वाळू आणि पाणी टाकून दगड पालथा घासावा. आधी दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा काढाव्यात. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला असे समजावे.

मोसंबीचा मळा (अंबड, जि. जालना)

सर्वांचे मनापासून आभार. आता असे ठरवले आहे: रोजच्या कामाला न गंजणाऱ्या पोलादाचा आठ नंबरचा ओपिनेल, डोळ्यांसाठी एका बाजूच्या उताराचा साधा चाकू, १००० नंबरचा एक दगड आणि घरातल्या जुन्या पट्ट्याची पट्टी. डी-२ चा विचार सध्या बाजूला ठेवला आहे. शेवटची एक शंका आहे. सांध्यात माती आणि फळाचा चिकट रस जातो, तेव्हा तो साफ कसा करावा आणि त्यात कोणते तेल घालावे? घरात खोबरेल आणि शेंगदाण्याचे तेल नेहमी असते, ते चालेल का?

टूलरूमवाला (वाळूज)

दोन्ही टाळा. शेंगदाण्याचे तेल हवेने हळूहळू चिकट होते आणि सांध्यात त्याची राळ बसते. खोबरेल आपल्याकडच्या हिवाळ्यात गोठते. शिलाई मशीनचे पातळ तेल सर्वांत बरे, पण फळ कापणाऱ्या पात्यावर ते राहू देऊ नये. सांध्यात एक थेंब टाकून पाते चार-सहा वेळा उघडझाप करावे आणि बाहेर आलेले तेल पुसून घ्यावे. पात्याला खाण्यासाठी चालणारे पॅराफिन तेल औषधाच्या दुकानात मिळते, ते लावावे. माती गेली असेल तर आधी पाते अर्धे उघडून सांध्यात कोमट साबणाचे पाणी सोडावे, जुन्या दातांच्या ब्रशने घासावे, चाकू पूर्ण वाळू द्यावा आणि मगच तेल घालावे. माती असताना तेल घातले तर दोन्ही मिळून घासणीचा लेप तयार होतो आणि सांधा सैल पडतो.

ओपिनेलची मूठ लाकडाची आहे, म्हणून तो पाण्यात भिजत ठेवू नये. पावसाळ्यात मूठ फुगून पाते निघेनासे झाले तर नखाने किंवा पकडीने ओढाताण करू नये. मुठीचे मागचे टोक लाकडी टेबलाच्या कडेवर ठोकले की पाते बोटांत धरण्याइतके वर येते. ठोकण्याआधी कडे फिरवून उघडे केले आहे ना, तेवढे पाहून घ्यावे.